दादाने रेडिओवर दिलेलं उत्तर

माझा थोरला भाऊ सव्वीस वर्षं एका लहान विमानतळावर नोकरीला होता. विमानतळ म्हणजे काय, तर एक धावपट्टी, विमानं ठेवायचा एक हँगर आणि एक खोली. मोठ्या ठिकाणी उंच मनोऱ्यात बसून माणसं विमानांना चढा-उतरा सांगतात, तसा मनोरा तिथे नव्हता. पायलटनेच रेडिओवर सांगायचं की मी अमुक, इथे आहे, इतक्या उंचीवर आहे, आता उतरतोय. बाकीच्यांनी ते ऐकायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. एवढ्यावरच सगळं चालायचं.

गवत कापायचं, इंधन भरायचं आणि कोणी विचारलं तर खोलीतल्या रेडिओवरून वारा सांगायचा, हे दादाचं काम. वाऱ्यापलीकडे काही सांगायचं नाही, असा नियमच होता. पण माणूस बोलका. सगळे पायलट त्याला मामा म्हणत.

"मामा, वारा कसा आहे?"

"तुझ्या सासूसारखा. कुठून येईल सांगता येत नाही."

हळूहळू ते दुसरंही विचारायला लागले. "मामा, वर कोणी आहे का?" दादा खिडकीतून बघायचा, मघापासून रेडिओवर कोण बोललं ते आठवायचा आणि सांगायचा, "कोणी नाही, ये." मग पायलटही आपण कुठे आहोत ते सांगायचा कंटाळा करत. मामांनी बघितलंय ना, झालं तर.

मी एकदा म्हटलं, "तुला हे सांगायची परवानगी आहे का रे?"

"अगं, विचारतात, तर काय तोंड शिवून बसू?"

त्या दुपारी मी त्याचा डबा घेऊन गेले होते. विमान चालवायला शिकवणारे मास्तर एकटेच परत येत होते. त्यांनी नेहमीचं विचारलं. दादाच्या तोंडात घास होता. त्याने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं आणि सांगितलं, "कोणी नाही मास्तर, या."

फवारणीचं एक विमान होतं. जुनं, रेडिओ नसलेलं. तशा विमानांना तिथे मुभा होती. ते हँगरच्या मागून येत होतं आणि ती बाजू आमच्या खिडकीतून दिसत नाही. उतरण्याआधी आजूबाजूला बघायला आकाशात एक फेरी मारायची असते, ती न मारता मास्तर सरळ आत आले. त्यांच्या विमानाचे पंख डोक्यावर, म्हणून त्यांना वरचं दिसेना. फवारणीवाल्याचे पंख खाली, त्याला खालचं दिसेना. धावपट्टीच्या तोंडाशी त्याचं विमान मास्तरांच्या विमानाच्या पाठीवर उतरलं.

मास्तर जागच्या जागी गेले. फवारणीवाला वाचला, पण त्याचा एक पाय गुडघ्यापासून काढावा लागला. रेडिओ नव्हता म्हणजे दोष त्याचाच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याच्यावर खटला होणार, असं बोललं जात होतं. तिथलं रेडिओवरचं बोलणं कुठे साठवलं जात नसे. दादाचं उत्तर ऐकलं होतं ते मास्तरांनी आणि मी.

"दादा, तू गप्प राहा," मी म्हणाले. "गेलेलं माणूस परत येणार आहे का?"

घरी येऊन देवापुढे बसले, पण काय मागावं तेच सुचेना.

दादा तीन दिवस नीट जेवला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "माझ्या शब्दावर ते सरळ आत आले. त्या फवारणीवाल्या पोराने एकट्याने का भोगायचं?"

चौकशीला मी बरोबर गेले. मास्तरांची बायको पुढच्या बाकावर बसली होती.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना वारा सांगितलात?"

"वारा त्यांनी विचारलाच नाही, साहेब," दादा म्हणाला आणि मग सगळं सांगितलं. आपण जेवत होतो, हेसुद्धा.

अधिकारी लिहीत राहिले. बाई उठून त्याच्यासमोर आल्या.

"आवाज कसा होता त्यांचा?"

"नेहमीसारखा. हसतच बोलले."

"मी तुम्हाला माफ करू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हे मला दुसऱ्या कोणाकडून कळलं नसतं."

दादाने मान हलवली. त्याची नोकरी गेली ती त्याच आठवड्यात, आणि फवारणीवाल्यावरचा खटला टळला.