वेणूताई अन् नाकातले थेंब

आमच्या सगळ्या कांचघर मोहल्ल्यात माझ्याएवढं तेज नाक कोणाचं नव्हतं. फक्त ते कधी उघडं नसायचं. म्हणून मागच्या महिन्यात दवाखान्यातून वेणूताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी रडून राहिलो का नेहमीसारखा सुरसुर करून राहिलो, हे घरात कोणाले कळलंच नाही... शाळा मी बाहेरूनच पाहिली. हे सगळं नातीले सांगून लिहून घेऊन राहिलो.

वेणूताई माझी मोठी बहीण. लवकर विधवा झाली, पोरबाळ नव्हतं, माझ्याच घरी राहायची. लढाईचे दिवस होते. आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांची ड्यूटी, अन् धुळीनं माझं नाक असं बंद व्हायचं की जेवणाची चव लागत नव्हती. एका दोस्तानं थेंबाची बाटली आणून दिली. घातले की नाक मोकळं! पण गेटवर झडती व्हायची, माचिससुद्धा आत नेता येत नव्हती. मग मी अक्कल लावली. पूर्ण शिफ्टचा कोटा गेटबाहेरच नाकात ओतून घ्यायचो. सुटी होईपर्यंत नाक आधीपेक्षा घट्ट. मग आणखी थेंब... ताई म्हणे, "बापू, तुले आता सर्दी नाही राहिली. तुले बाटली लागली."

त्याच थंडीत माझी नंदा झाली. दीड-दोन महिन्यांची असताना तिले सर्दी झाली. दूध प्यायला लागली की नाक बंद, दम कोंडे, तोंड सोडून रडे. एक दिवस मी ड्यूटीवर होतो, बायको नळावर पाण्याले गेली होती, अन् बाटली घरीच फळीवर राहून गेली होती. ताईले पोरीचे हाल पाहवले नाहीत. भावाचं नाक उघडते, तर पोरीचं काहून नाही उघडणार? तिनं दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. पोरगी शांत झाली. ताईले वाटलं, चलो, आराम पडला. मग पाय चाचपले तर थंडगार, अंग लुळं, हलवलं तरी डोळे उघडेना. ताईनं तसंच तिले छातीशी धरलं, रिक्षा केली अन् नेपियर टाउनच्या डॉक्टरकडे नेलं.

मले निरोप सुटीच्या वेळी गेटवर भेटला. मी पोचलो तेव्हा नंदानं नुकताच हात हलवला होता. डॉक्टर दिवसभर तिच्या नाडीवरून उठले नव्हते. मले म्हणाले, "ये बड़ों की दवा है, भैया. इतने छोटे बच्चे की धड़कन धीमी कर देती है, साँस भी. बिना पूछे एक बूँद नहीं." मग माझा आवाज ऐकून म्हणाले, "और तुम भी छोड़ो. दो-चार दिन से ज़्यादा डालोगे तो यही दवा नाक बंद करेगी." पोरीसाठी त्यांनी साधं मिठाच्या पाण्याचं औषध दिलं, दूध पाजायच्या आधी घालायचं.

तेवढ्यात बाळंतपणाले आलेल्या माझ्या सासूबाई दवाखान्याच्या दारात. "कोणी घातलं हे?"

ताई भिंतीले चिकटून उभी. सासूबाई आधीच म्हणायच्या, हिच्या मांडीवर पोर देऊ नका. आता कळलं असतं तर ताईले गावी धाडलं असतं, अन् नंदा तिच्या मांडीवर पुन्हा आली नसती. ताईजवळ दुसरं होतंच काय?

"मी घातलं," मी म्हणालो. "ड्यूटीवर जाता जाता."

"जावयाऐवजी बैल पाहिला असता तर बरं झालं असतं," सासूबाई म्हणाल्या.

नंदा वाढली ती ताईच्याच मांडीवर. कॉलनीत कोणाच्या लेकराचं नाक वाजलं की ताई हजर. पहिले विचारे, "बाटली कोणाची आहे? डॉक्टरनं दिली का बापाची आहे?" अन् मी चहाच्या टपरीवर माझ्या बैलपणाची गोष्ट सांगून लोकांले हसवायचो. ताई कधी ऐकत असली तर मान खाली घाले. मले वाटे, हा आमच्या दोघांतलाच गुपित कारभार.

तेरवीची पंगत उठल्यावर मी नंदाले बाजूले बसवलं. म्हटलं, आता ती नाही, तर सांगून टाकतो. त्या दिवशी थेंब मी नव्हते घातले, तुझ्या आत्यानं घातले होते. तिची लाज मी जन्मभर झाकली...

नंदा पत्रावळी गोळा करून राहिली होती. थांबलीसुद्धा नाही.

"आत्यानं दुसऱ्याच दिवशी आजीचे पाय धरून सांगितलं होतं, बाबा. आजीनंच मले तिच्या मांडीवर ठेवलं. अन् तुमचं खरं कोण मानणार होतं? तुम्ही मले कधी उचलून तरी घेतलं होतं काय, थेंब घालाले?"