चौथा मतदार

मी गणेसन चेट्टी, चॅट्सवर्थचा प्लंबर. अख्ख्या दरबानमध्ये माझ्याइतका शूर माणूस सापडायचा नाही. कुत्रं भुंकलं तरी मी त्याला 'सर' म्हणतो.

चौऱ्याऐंशी साली इथं दक्षिण आफ्रिकेत सरकारनं संसदेत तीन सभागृहं केली. गोऱ्यांचं एक, मिश्रवर्णीयांचं एक आणि आम्हा भारतीयांचं एक. काळ्यांना एकही नाही. शेवटचा शब्द अर्थातच गोऱ्यांचा. माझी लेक कोगी तेव्हा कॉलेजात होती. ती दारोदार सांगत सुटली, "मत देऊ नका. बाहुली बनवतायत आपल्याला." मी मान डोलवायचो. पण पेरुमल म्हणून एक उमेदवार उभा होता, त्याच्या माणसानं मला आधीच गाठलं होतं. "नऊ वर्षं सरकारी घराचा अर्ज पडलाय ना? मत दिलं नाहीस, तर यादीतून नाव गेलंच समज." भावाच्या मागच्या खोपटात आम्ही पाच जण राहायचो. कोगी मोरीत बसून अभ्यास करायची. माझं धाबं दणाणलं.

मतदानाच्या दिवशी मी अवजारांची पिशवी घेतली नि शाळेवर गेलो. फाटकाशी पोरांचा घोळका, सगळ्यांत पुढे कोगी, हातात फलक.

"अप्पा, इकडे कुठे?"

"नळ गळतोय म्हणे."

"बघा रे!" ती मित्रांना म्हणाली. "माझे अप्पा आज इथं कामाला आलेत, मत द्यायला नाही!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी चक्क हात हलवला. निर्लज्जपणालाही हद्द असते म्हणतात, मला ती कधी सापडली नाही.

आत चिटपाखरू नव्हतं. मत दिलं, वर एका धडधाकट नळाशी उगाच खाटखूट केली. तेवढ्यात पेरुमलच्या आतल्या माणसानं बातमी पोचवली असावी. बाहेर येतो तर काय, पेरुमल कर्णा घेऊन गाडीवर उभा!

"आजचे चौथे मतदार, श्रीयुत गणेसन चेट्टी! आपले शतशः आभार!"

अरे मेल्या, गप्प बस की!

पोरं हुर्यो करत अंगावर आली. "विकला गेलास रे म्हाताऱ्या!" कोगी मध्ये पडली. "हात लावायचा नाही. माझे वडील आहेत. वाट द्या त्यांना."

शरमेनं माझी मान वर होईना. "पोरी, तुला अभ्यासाला खोली मिळावी म्हणून..."

"ठाऊक आहे, अप्पा."

"मग चल ना घरी."

"तुम्ही व्हा पुढे." तिनं फलक पुन्हा उचलला. "तुमच्यासारखे घाबरलेले अजून येतील. त्यांना थांबवायला कोणीतरी हवं."

मी एकटाच घरी गेलो.