खुरटा पालक

नायगावच्या खाडीकाठी भाजी पिकवणाऱ्या पुतळाबाईंचा एक नियम होता: टवटवीत पालक बाजारात, खुरटा घरच्या कढईत. यंदा शेजारच्या कारखान्याचं पाणी एका वाफ्यात शिरलं आणि तिथला पालक वाढेचना. पुतळाबाई त्याला रोज आळशी म्हणून शिव्या घालायच्या.

सून जागृती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिने माती तपासून आणली.

"आई, मातीत कॅडमियम आहे, विषारी धातू. तो मुळांना लागला की झाडात एक संप्रेरक वाढतं. ते पानांची बारीक छिद्रं मिटवतं, वाढ रोखतं. पालक आळशी नाही, जीव वाचवतोय."

पुतळाबाईंनी गॅसवरची कढई खाली उतरवली.

"त्यानं पानी ओळखून तोंड मिटलं," त्या म्हणाल्या, "न् मी तोच तुम्हाला रोज खाऊ घातला."