उंदरांनी खाल्लेली धाबळी

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली, देवासात घरोघरी नळ आले, तरी आमच्या आईला नळाचं पाणी देवाला चालेना. भर पौषात पहाटे विहिरीवर जायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि ओल्या लुगड्यानंच पूजा-नैवेद्य उरकायचा. त्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, मरता मरता वाचली. जरा उठून बसली, आणि आठव्या दिवशी पुन्हा ओलेती! मी शाळामास्तर. गावच्या पोरांना शहाणं करायचो, पण घरात माझं ऐकतंय कोण? घसा कोरडा पडला सांगून सांगून.

भाद्रपदात मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मला व्याख्यान मिळालं, तेव्हा सगळी मळमळ ओकून टाकली. ‘एक बाई’ एवढंच म्हणालो, पण देवासात न ओळखायला कोण बसलंय? सोवळ्यात लोकरीची धाबळी असली की ती कोरडीच चालते. आईची धाबळी उंदरांनी कुरतडली होती. मी म्हणालो, “उंदीर गणपतीचं वाहन. म्हणजे बाईनं कुडकुडून मरावं ही श्रींचीच इच्छा!” पोरं खिदळली. अध्यक्ष, म्हणजे संस्थानातले जुने कारभारी, ताडकन उठले. “बंद करा हा चावटपणा! आधी माफी मागा.” मागून कुणी ओरडलं, “मास्टरसाब, नीचे उतरो!” मीही इरेला पेटलो. माफी मागणार नाही आणि उतरणारही नाही म्हटलं. मंडपात देवाबद्दल बोलायचं नाही, तर काय भजी तळायची?

एवढ्यात बायकांच्या बाजूनं आई उभी राहिली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई!

“भाऊसाहेब, त्याला पुरतं बोलू द्या,” ती अध्यक्षांना म्हणाली. “ती बाई मीच आहे. अर्धवट ऐकून घरी गेल्यावर मी भांडू कशावर?”

अध्यक्ष खाली बसले. मी पुढे बोललो खरा, पण काय बोललो ते देव जाणे. बघा, आलाच तोंडात!

घरी जाताना आई म्हणाली, “बोललास छान. मला पटलं नाही.”

“अगं, देवाला काय करायचंय तुझ्या ओल्या लुगड्याचं?”

“त्याला नसेल. मला त्याच्यापुढे सोवळ्यातच जायचंय. तुला नाही ना पटत? नको पटू दे.”

ते मला आजही पटत नाही. तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि मेलीस म्हणजे?” मी रस्त्यातच ओरडलो.

“ओरडू नकोस. वर्षभर ओरडतोच आहेस. धाबळी उंदरांनी खाल्ली, हे दोनदा सांगितलं होतं ना तुला?”

“हो. मग?”

“मग एक नवी आणून टाकायची होतीस रे.”