जयवंतीची भरलेली बाटली

जयवंती पळायला लागली तेव्हा वसईच्या खाडीकाठच्या त्या गावाने आधी तिच्या मागे काय लागलंय ते पाहिलं. कुत्रं नाही, बैल नाही, काहीच नाही. पन्नाशीला टेकलेली, सून आलेली बाई, अंगात सुनेचा पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि धुक्यातून बांधावर एकटीच पळतेय. "रामूभाऊची बाईल खुळी झाली," असं काही दिवस ओट्या-ओट्यांवर बोललं गेलं. मग लोकांना सवय झाली. लोकांना कशाचीही सवय होते हो. नळाची नाही का झाली?

नळाचं मध्येच आलं खरं, पण सगळं तिथूनच सुरू होतं.

नळ येण्याआधी त्या पट्ट्यातल्या विहिरींना खारट पाणी. भात शिजायचा, भांडी निघायची, पण प्यायला म्हणून ते पाणी नकोच. गोड्या पाण्याची विहीर खाडीच्या पल्याड, आणि मध्ये हा लांबलचक मातीचा बांध. बांधाचा एक तुकडा सखल होता, भरती चढली की तो पाण्याखाली जायचा. म्हणजे ओहोटीला जायचं, हंडा भरायचा आणि भरती यायच्या आत पळत परत यायचं. जयवंती लहानपणापासून अशीच पळत आली होती. डोक्यावर हंडा, मान ताठ, नजर समोर, आणि पाय असे टाकायचे की वरचं पाणी झोपल्यासारखं निवांत राहावं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि मिठागरांच्या पाण्यात सगळं आभाळ उतरलेलं. आपण जमिनीवर पळतोय की वर, हे तिला त्या वयात नक्की सांगता आलं नसतं.

तिची आई शकू पुढे आणि ती मागे. शकूचा एकच कायदा होता. विहिरीवर हवं तेवढं पी, ओंजळ भरभरून पी. पण हंडा एकदा डोक्यावर चढला की ते पाणी आपलं नाही, ते घरचं. आधी देवाचं, मग पुरुषांचं, मग पोरांचं, मग उरलं तर आपलं. वाटेत त्यात तोंड घालायचं म्हणजे अख्ख्या घराचं पाणी उष्टं करायचं.

एकदा वैशाखात शकूला बांधावर भोवळ आली. पोरगी मागून ओरडेपर्यंत ती मटकन खाली बसली, पण हंडा तिने दोन्ही हातांनी मांडीत धरून ठेवला होता. बाया धावत आल्या, पदराने वारा घातला. ओठ पार सुकून फुटले होते. मांडीत काठोकाठ पाणी होतं आणि त्यातला थेंब सांडला नव्हता. पुढे कित्येक वर्षं गावात त्याचं कौतुक झालं. शकू पडली, पण पानी नाय सांडलं! जयवंतीचं लग्न ठरलं तेव्हाही बघायला आलेल्या पाहुण्यांना हीच हकिगत सांगितली होती. ते पाहुणे बांधाच्या याच टोकाचे, म्हणजे रामूभाऊच्या घरचे.

मग नव्वद साल सरता सरता नळ आला. हंडे घासूनपुसून फळीवर चढले. घरात आनंदीआनंद झाला आणि जयवंतीलाही झाला. कोण रडेल त्या ओझ्यासाठी? पण पहाटे तिला जाग यायचीच. अंथरुणात पडल्या पडल्या तिचे पाय हलायचे. डोळे मिटले की बांध दिसायचा, धुकं दिसायचं, डोक्यावर नसलेल्या हंड्यातलं पाणी कानाशी हलल्यासारखं वाटायचं. शेवटी एका पहाटे ती उठली आणि बांधावर जाऊन पळून आली. आणायचं काही नव्हतं, पोचवायचं काही नव्हतं. घरी आली तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला होता की रामूभाऊने विचारलं, "काय सापडलं गं?"

"काय नाय," ती म्हणाली. पण सापडलं होतं. दिवसभरात तिला कोणी हाक मारत नव्हतं असा तो एकच वेळ होता.

बूट आणले सुनेने, संपदाने. संपदा आचोळ्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली, वडील मुंबईत नोकरीला. सासू पळते याची तिला लाज नव्हती, उलट तिने ते मनावरच घेतलं. "आई, पाणी बरोबर न्यायचं. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, आधीच घोट घ्यायचा. घटाघटा नाही, घोट-घोट. आणि घामातून मीठ जातं, म्हणून चिमूटभर मीठ, थोडी साखर टाकून देते मी." जयवंतीने सगळ्याला मान डोलावली.

आधी शाळेतल्या पोरांची असते तशी वॉटरबॅग आणली. ती पळताना कमरेवर अशी आपटायची की जयवंतीने दुसऱ्याच दिवशी खुंटीला टांगली. मग साधी प्लास्टिकची बाटली हातात धरून पाहिली, तर एक खांदा दुखायला लागला. शेवटी तिने जुन्या लुगड्याच्या काठाचा पट्टा शिवला, त्याला मागे बाटलीच्या मापाची पिशवी जोडली आणि ती कमरेला घट्ट बांधली. बाटली पाठीच्या कण्यावर अशी बसली की हलेना की डुलेना. आणि बाटली गळ्यापर्यंत भरायची, कारण अर्धी बाटली आत डुचमळते आणि डुचमळणारं पाणी जयवंतीच्या पायांना खपत नव्हतं.

रोज ती पळून यायची, पट्टा सोडायची आणि बाटली ओटीवर बसलेल्या रामूभाऊच्या हातात द्यायची. ते त्या पाण्याबरोबर आपल्या गुडघ्यांच्या गोळ्या घ्यायचे. "फिरून आलेलं पानी गोड लागतं," म्हणायचे. बाटली भरलेली जाते आणि भरलेलीच येते, हे घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर जयवंतीच्याही आलं नाही. पहाट थंड असायची, पळणं थोडकं असायचं, निभून जायचं.

गावच्या मित्रमंडळाने बायकांची शर्यत ठेवली तेव्हा मात्र निभलं नाही. गावातून निघायचं, मिठागरांवरून किल्ल्याकडे, पाचूबंदरच्या जेट्टीला वळसा घालून परत. पहिल्या वर्षी जयवंती परतीच्या वाटेवर मिठागरांपाशी पडली. पाचूबंदरची रेजिना मासळीची पाटी घेऊन मागून येत होती, तिने पाटी तशीच रस्त्यात ठेवली आणि हिचं डोकं मांडीवर घेतलं. रिक्षा करून रामूभाऊ आणि संपदा पोचले. रामूभाऊ घाबरलेच होते बिचारे, पण बायकोने डोळे उघडले तसा त्यांना धीर आला. त्यांनी तिच्या कमरेची बाटली चाचपली आणि जमलेल्या लोकांना अभिमानाने सांगितलं, "बाटली तशीच हाय. पानी नाय सांडलं."

संपदाने बाटली हातात घेतली आणि ती पाहतच राहिली. "आई, ही भरलेली आहे. तुम्ही प्यायलाच नाहीत?"

"ते घरचं..." जयवंती म्हणाली आणि तिथेच अडकली. पुढे काय सांगणार? एवढी शिकलेली पोर, तिला हसूच आलं असतं. पण संपदाला हसू आलं नाही. तिचे डोळे भरले.

दवाखान्यात सलाईन लावलं. अंगातलं पाणी संपलं होतं, डॉक्टर म्हणाले. आणि घरी आल्यावर रामूभाऊने निकाल दिला, "पुना पडलीस तर बूट माळ्यावर. मग पळायचं नाव नाय काढायचं." बोलले रागाने, पण त्या रागात भीतीच जास्त होती हे तिला कळत होतं. म्हणून तर तिला उलटून बोलता आलं नाही. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, घाबरलेल्याशी काय भांडणार?

त्यानंतर तिने वाटेत पाणी प्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. रोज केला. बाटली ओठांपर्यंत जायची आणि परत यायची. झाकण उघडलं की शकूचा चेहरा समोर. बाई, एवढं सोपं काम! लहान लेकरं करतात. पण हिचा हातच वळेना. घरी येऊन बाटली नवऱ्याच्या हातात दिली की मात्र जीव भांड्यात पडायचा. असली खोड मोडायची कशी, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणाला विचारायची सोयही नव्हती.

पुढच्या वर्षीची शर्यत जानेवारीत आली. पाहुणे उशिरा आले. नारळ फुटला, सत्कार झाले, शाली झाल्या, आणि शिट्टी वाजेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. संपदाने सासूच्या कमरेचा पट्टा आवळून दिला. "आई, ते फक्त तुमचं पाणी आहे," ती हळूच म्हणाली. रामूभाऊ काठी टेकत उभे होते. त्यांची नजर तिच्या बुटांवर होती.

जयवंती पळत सुटली. मिठागरांतून पांढरे ढीग आणि निळं आभाळ दोन्ही बाजूंनी तिच्याबरोबर चालू लागले. मान ताठ, नजर समोर, पाय आपले आपण पडत होते. पुढे रस्ता वळला, किल्ल्याची काळी भिंत आली आणि गेली, बोंबिलांचा वास आला. जेट्टीपाशी रेजिना बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिने हिला ओळखलं, हातातलं काम टाकलं आणि चार पावलं बरोबर पळाली.

"जयवंतीबाय, ओठ बघ तुझे. पानी पी ना."

"घेतंय पुढे."

"मागच्या खेपेला पन भरलेलीच व्हती ती बाटली. कोनासाठी वाहतंस गं?"

एवढं विचारून रेजिना थांबली, तिला बोंबील वाळत घालायचे होते. प्रश्न मात्र थांबला नाही, तो जयवंतीच्या बरोबरच पळायला लागला. कोणासाठी? घरी नळ आहे. देवाला नळाचं चालतं. पोरं मोठी झाली. रामूभाऊच्या गोळ्या काय, तांब्यातल्या पाण्यानेही पोटात जातील. मग पाठीवर हे कोणाचं ओझं?

परतीच्या मिठागरांपाशी, गेल्या वर्षी पडली होती तिथेच, तिचे पाय जड झाले. उन्हाने रस्ता हलत होता. घाम यायचा थांबला होता आणि कानांत भरतीचा आवाज येत होता. समोर, मिठाच्या पांढऱ्या झळांमध्ये, तिला शकू दिसली. बांधावर बसलेली, मांडीत हंडा, ओठ फुटलेले. इतकी जवळ की हात लावावा. लहानपणी जयवंती तेव्हा मागे उभी राहून नुसती रडली होती. हंड्यातून ओंजळभर पाणी घेऊन आईच्या तोंडाला लावावं, हे तिला सुचलंच नव्हतं. जमलेल्या एवढ्या बायांपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. पाणी नाही सांडलं म्हणून सगळ्या तिची पाठ थोपटत होत्या, आणि ती तहानलेली होती. आई तहानलेली होती! जयवंतीला एकदम इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की पायांतली ताकद परत आल्यासारखी झाली.

पळता पळताच तिने पाठीमागून बाटली काढली. झाकण उघडलं. "पी गं आये," ती मोठ्याने म्हणाली, आणि पहिला घोट घेतला.

मीठ-साखरेचं कोमट पाणी ते. पण घशातून खाली उतरलं तसं तिला ते पोटात, हातात, अगदी पायांच्या बोटांत पोचलेलं कळलं. मग थांबून, थोडं पळून, पुन्हा एक घोट. घोट-घोट, सुनेने सांगितलं होतं तसं. बाटली डुचमळायला लागली, पाठीवर नाचायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा जयवंती डुचमळतं पाणी घेऊन पळत होती, आणि पाय काही अडले नाहीत. झळांमधली शकू उठली, थोडा वेळ पुढे चालली आणि मग दिसेनाशी झाली. गावाची वेस आली तेव्हा बाटलीत काही उरलं नव्हतं.

तिचा नंबर कितवा आला ते कोणी पाहिलं नाही. पुढे बऱ्याच जणी होत्या आणि मागेही होत्या. संपदाने मिठीच मारली. रामूभाऊ काठी टेकत आले, बायको दोन पायांवर उभी आहे याची त्यांनी नीट खातरी करून घेतली, आणि रोजच्या सवयीने हात पुढे केला. जयवंतीने बाटली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उचलून पाहिली. हलवली. उलटी केली.

"सांडलं?"

"नाय. मी पिली."

"सगळं?"

"सगळं."

रामूभाऊ बाटलीकडे बघत राहिले. नंतर त्यांनी बायकोच्या ओठांकडे पाहिलं, बहुतेक इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग ते वळले. मंडपाच्या कडेला मंडळाचा माठ होता, तिथे बाया-पोरांची गर्दी होती. त्या गर्दीत काठी सांभाळत ते उभे राहिले, बाटली भरली आणि दोन्ही हातांनी धरून परत निघाले. काठी काखेत, पाय दुखरे, झाकण लावायचं विसरलेलं. पाणी वाहून न्यायची त्यांना सवय नव्हती. निम्मं त्यांच्या शर्टावर सांडलं.

उरलेलं निम्मं त्यांनी जयवंतीपुढे धरलं आणि तिने ते उभ्याउभ्याच पिऊन टाकलं.