शेवळांची पोस्ट

दर गुरुवारी ब्लॉगवर काहीतरी टाकायचंच, हा नेम मी स्वतःच लावून घेतला होता. कुणी मागितलं नव्हतं. बुधवार उजाडला की डोक्यात ठणठणगोपाळ. मग पिशवी घेऊन भिसेगावच्या नाक्यावर जायचं आणि वाडीवरून रानभाज्या आणणाऱ्या मावशीपुढे उकिडवं बसायचं. भाजी निमित्ताला, मला हवा असायचा विषय. टोपलीत कंटोळी असली की कंटोळ्यांची पोस्ट, टाकळा असला की टाकळ्याची. वाचणारे मला रानाची जाणकार म्हणायचे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

पावसाच्या तोंडावर शेवळं आली, जांभळट लांब कोंबांच्या जुड्या. कशी करायची, विचारलं.

"आतलं पिवळं काढून टाकायचं, बारीक चिरायची. कांदा, सुकट, खोबरं. झालं. नीट शिजव गं."

मी जसंच्या तसं लिहिलं. तिचा फोटो लावला, बसायची जागा टाकली. तेवढीच तिची विक्री वाढेल, असं खरंच वाटलं होतं.

काकडं लिहायची राहिली. शेवळं खाजरी असतात, नुसती खाल्ली तर घसा धरतात. काकडाची ती हिरवी आंबट फळं ठेचून घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी ती चुलीवर चढवत नाही. मावशी प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं न बोलता द्यायची. सांगायचं काय त्यात? भातात पाणी घाल, असं सांगतं का कुणी? तिने सांगितलं नाही आणि मला माहीत असून मी लिहिलं नाही.

फोटो बघून नव्या सोसायटीतली माणसं तिच्याकडे गेली. काकडं त्यांनी कचरा म्हणून फेकून दिली. दोन घरांत घसे सुजले, एका बाईला दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिघं-चौघं माझी पोस्ट मोबाइलवर उघडून मावशीच्या अंगावर धावून गेले. विष विकतेस का, म्हणत त्यांनी टोपली रस्त्यावर पालथी केली. ती शेवळं गोळा करत नुसतंच म्हणत होती, "काकडं दिली व्हती की वो, काकडं दिली व्हती." मी समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी तशीच मागे फिरले. घरी येऊन मी पोस्टमध्ये काकडांची एक ओळ वाढवली.

त्या जागेवर तिला परत कुणी बसू दिलं नाही. दिवाळीआधी पोशीर गावाला गेले तेव्हा ती दुसऱ्याच्या शेतात भात कापताना दिसली. बांधावरून हाक मारली. माफी कशी मागायची ते मी कितीतरी दिवस घोकलं होतं. ती विळा ठेवून आली, पदराने तोंड पुसलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिची नजर माझ्या हातातल्या मोबाइलवर गेली.

"आता माज्याकडं काय नाय गं बाय, लिवायला," ती म्हणाली.