साहेबांचं लॉगिन

आमच्या कंपनीचं ऑफिस बिबवेवाडीत आणि गोदाम मांजरीला होतं. दोन्हीकडचे कॉम्प्युटर एका नेटवर्कमध्ये आणायचं काम माझ्या साहेबांनी सुरू केलं होतं. कोण कुठल्या विभागात, कोणाच्या हाताखाली, कोणाला काय उघडता येईल, हे सगळं ते एका डिरेक्टरीत मांडत होते. वर कंपनी, खाली विभाग, विभागाखाली साहेब, साहेबाखाली त्याची माणसं. काम अर्धवट असतानाच लोणी काळभोरजवळ ट्रकने त्यांच्या मोटारसायकलला उडवलं आणि ते जागीच गेले. उरलेली डिरेक्टरी माझ्याकडे आली.

डिरेक्टरीतून त्यांचं नाव काढायचं मी पुढे ढकलत होते. एकदा जेवणानंतर सहज लॉगिनच्या नोंदी चाळल्या, तर त्याच सकाळी साहेब आत आलेले. आदल्या दिवशीही. मांजरीहून. आजूबाजूला क्रिकेटच्या गप्पा चालल्या होत्या. कोणाला काही न सांगता मी स्कूटर काढली.

गोदामातले एक म्हातारे कारकून साहेबांच्या नावाने आत शिरून मालाच्या नोंदी चढवत होते.

"अहो, हे काय चाललंय?"

"सायबांनीच सांगितलंय, मॅडम. तुमचं नाव होईस्तोवर माझ्या नावानं चालवा म्हणले." मग जरा चाचरत म्हणाले, "सकाळी चालू केलं की त्यांचं नाव येतंय. आम्ही हात जोडतो आन् मग कामाला लागतो."

मला रागवता आलं नाही. कारकुनांच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन तिथेच करून दिलं.

ऑफिसात परतून साहेबांचं नाव पुसायला घेतलं, तर पुसलं जाईना. खाली माणसं आहेत, आधी ती हलवा, असं कॉम्प्युटर सांगत होता. उघडून पाहिलं. साहेबांखाली आमचा अख्खा विभाग होता, आणि सगळ्यात वर माझं नाव. त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेलं.

एकेकाला उचलून मी त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांखाली ठेवत गेले. माझ्या नावापाशी हात थांबला. वाटलं, मी इथून हलले की ते तिथे एकटे राहतील. असलं वेड्यासारखं काहीतरी.

केबिनमधून नवे साहेब म्हणाले, "एक नाव काढायला एवढा वेळ? आपण श्राद्ध घालताय का?"

मी स्वतःला हलवलं. मग जुन्या साहेबांना पुसलं. या वेळी कॉम्प्युटरने काहीच हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरीहून फोन आला.

"मॅडम, आता हे माझं नाव दाखवतंय."

"बरोबर आहे. काही अडलंय का?"

"अडलं न्हाई. पर हात जोडायला गेलो, आन् समोर मीच."